छाती उघडण्यापूर्वी

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांच्या हृदयाची झडप आक्रसली होती आणि त्याच हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. झडप बदलणे आणि बायपास ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याचे डॉक्टरांनी ठरविले. नुसती झडप बदलली तर हृदयाच्या स्नायूंची रक्तावाचून होणारी उपासमार तशीच राहते. पुढे छाती पुन्हा उघडायची तर आतले सारे जुन्या व्रणांनी चिकटलेले असते. मात्र दोन्ही कामे एका बैठकीत करायची म्हणजे हृदय अधिक वेळ थांबवून ठेवावे लागते. म्हणून या जोडशस्त्रक्रियेत धोका एकेकटीहून अधिक. वय आणि मधुमेह तो आणखी वाढवितात.

मुलांनी आम्हांला विनविले, "फादर, बाबांना यातले काही सांगू नका. ते खचतील." आम्ही मान डोलावली.

रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन गेलो. (या संस्काराला केवळ अंतकाळचा मानू नये असे व्हॅटिकन परिषदेने 1963 सालीच सांगितले, तरी तेल पाहून घरचे अजून दचकतात.) त्यांनी आमचा हात धरला. "फादर, काळजीचे काही आहे का?"

"आता हे रोजचेच झाले आहे," आम्ही म्हणालो.

हे असत्य नव्हते. 1960 साली अल्बर्ट स्टार यांनी कृत्रिम झडप बसविली, 1967 साली रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपास केला; त्यानंतर असंख्य माणसे या वाटेने सुखरूप घरी आली. पण त्यांनी असंख्यांविषयी विचारले नव्हते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. रुग्ण जिवंत घरी गेला की रुग्णालयाचा हिशेब जमतो. घरी मात्र पायाची जखम महिनाभर चिघळली. झोप उडाली, ओळखीची नावे आठवेनात, कारण नसता डोळे भरून येत. तिसऱ्या महिन्यात ते जिना चढू लागले, तेव्हा ओटीवर बसून म्हणाले, "फादर, बावीस वर्षे मी भावाशी बोललो नाही. धोका कळला असता तर आदल्या दिवशी त्याला बोलावून घेतले असते. तुम्हांला ठाऊक होते ना?"

"होते," आम्ही म्हणालो. दुसरे काही सुचले नाही.

भावाचे घर वाडीच्या दुसऱ्या टोकाला. डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितलेच होते. आम्ही बरोबर येतो म्हणालो.

"या," ते म्हणाले, "पण आत मला एकट्याला जाऊ द्या."