समुद्रफेन

वैद्यांच्या बटव्यांतील समुद्रफेन म्हणजे वाळून घट्ट झालेला समुद्राचा फेंस, असें आम्हीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांस बेधडक सांगितलें. एकदां वर्गांतील एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, "मास्तर, तें माकुलाचें हाड आहे." आम्हीं त्यास दटावून खालीं बसविलें. शब्द संस्कृत, तेव्हां त्याचा अर्थहि आमच्याच मालकीचा, असा आमचा ग्रह होता.

सेवानिवृत्तीनंतर प्राणिशास्त्राचीं पुस्तकें चाळलीं, आणि त्या मुलाचें म्हणणें खरें ठरलें. तें पांढरें, सच्छिद्र कवच माकुलाच्या पाठींत असतें. त्याच्या योगानें हा प्राणी पाण्यांत तोलून राहतो. तोंडाभोंवतीं आठ बाहु दिसतात. परंतु आणखी दोन लांब शुंडा डोळ्यांखालील पिशव्यांत दडलेल्या असतात. कोळंबी टप्प्यांत येतांच त्या सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी वेळांत सुटतात, टोंकांवरील चोषकांनीं तिला पकडतात आणि माघारीं फिरून बाहूंच्या स्वाधीन करतात. पुढील काम पोपटासारखी चोंच करते. शुंडेंत हाड नाहीं. आडवे स्नायु आवळले कीं ती बारीक होऊन लांबते, कणकेची वळी वळतांना लांबते तशी.

हें सारें त्या मुलानें घरीं जाळ्यांत पाहिलें असेल. आम्हीं विचारलें असतें, तर त्यानें वर्गास सांगितलेंहि असतें. हल्लीं नातवंडें आमचें बोलणें खोडूं लागलीं, कीं आम्ही चष्मा सांवरतों आणि आधीं त्यांचें ऐकून घेतों.