सारा ब्रीडलव्हची गोष्ट

इंदूरला आमच्या ग्रंथालयात शनिवारी बालवर्ग भरतो. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना मी तेथे गोष्टी सांगते. अहिल्याबाई त्यांना घरीच भेटतात; म्हणून मी अधूनमधून दूरची माणसे घेऊन जाते. त्यांतली एक मॅडम सी. जे. वॉकर, पूर्वाश्रमीची सारा ब्रीडलव्ह. केसांच्या मलमाचा मोठा कारखाना उभारणारी अमेरिकेतील ही कृष्णवर्णीय स्त्री.

मुलांच्या पुस्तकांत तिची ओळख बहुधा ‘स्वकष्टाने लक्षाधीश झालेली स्त्री’ अशी असते. मी तेथून आरंभ करीत नाही. पैसा हे बक्षीस आहे, एवढेच मग मुलांच्या लक्षात राहते. मी सेंट लुईसमधल्या कपडे धुण्याच्या टबापासून सुरुवात करते. विसाव्या वर्षी विधवा झालेली, पदरी एक मुलगी, आणि दिवसाकाठी डॉलर-दीड डॉलर मजुरी. “आमच्याकडे येणाऱ्या मावशींसारखी?” असे एकाने विचारले. “हो, तशीच,” मी म्हटले. आपल्या जुन्या घरांतून हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

गुलामगिरीविषयी मात्र पालकांत मतभेद आहेत. इतक्या लहान वयात कशाला, असे काहींना वाटते. पण साराचे आईवडील लुईझियानातील कापसाच्या मळ्यावर गुलाम होते आणि 1867 साली जन्मलेली ती घरातील पहिले स्वतंत्र मूल, हे वगळले तर गोष्टीत उरते काय? “माणूस केवढ्याला मिळायचा?” असा प्रश्न आला. मी आकडा सांगितला नाही. विकला गेल्यावर त्याची आई कोठे राही, ते सांगितले. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ 1873 साली अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा सारा माझ्या श्रोत्यांच्याच वयाची होती. हे पालकांना सांगितल्यावर कुरबुर थोडी कमी झाली.

मग केस. तिचे केस गळू लागले होते. आधी तिने अ‍ॅनी मलोन या दुसऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिकेचा माल दारोदार विकला, नंतर स्वतःचा काढला. अ‍ॅनीचे नाव गाळू नये, असे मला वाटते. मलमात गंधक होते, खोबरेलही होते. खोबरेल म्हटले की मुली हसतात. “त्याने गोरे होतात का?” हाही प्रश्न ठरलेला! सात वर्षांच्या मुलीला तो सुचावा, याचे श्रेय आपल्याकडील जाहिरातींना आणि आत्या-मावश्यांना. साराने हयातीत गोरेपणाचे मलम विकले नाही. तिच्या मागे कंपनीने ते काढले. तापलेल्या कंगव्यावरून तिच्यावर टीका झाली, तीही मी मोठ्या मुलांपासून लपवीत नाही. 1917 साली, जमावाकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्ध दाद मागायला ती व्हाइट हाउसवर गेली, हेही त्यांनाच सांगते.

सर्वांना आवडतो तो 1912 सालचा प्रसंग. शिकागोत कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांची परिषद, अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन. ते तिला बोलू देईनात. अखेरच्या दिवशी ती आपणहून उभी राहिली आणि कापसाच्या शेतापासून कारखान्यापर्यंतचा आपला प्रवास तिने सभेला ऐकवला. पुढच्या वर्षी त्यांनीच तिला वक्ती म्हणून बोलावले. आम्ही हा प्रवेश करून पाहतो. सारा व्हायला सगळ्या तयार, बुकर टी. कोणालाच नको. गेल्या खेपेस एक मुलगा कसाबसा तयार झाला; पण सारा उभी राहताच त्याने “बोला ना, ताई” म्हणून टाकले. बाकीच्यांनी गलका केला आणि प्रवेश पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.