चैत्राची फुलं आणि माझी हिशेबाची वही



फाल्गुनातली अष्टान्हिका संपली की आमच्या मैंदर्गीत ऊन एकदम अंगावर येतं. सकाळी मंदिरातून परत येईपर्यंत फरशी तापलेली असते. परवा नातीने पुण्याहून श्रीनगरच्या ट्यूलिप बागेचे फोटो पाठवले आणि विचारलं, "आजी, तू ही फुलं का नाही लावत?" मी म्हटलं, "बाळा, त्या कंदांना आधी कित्येक आठवडे थंडी लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर. इथे तो कंद उकडून निघेल!"

पण तिच्या प्रश्नावरून वाटलं, आपल्या अंगणातल्या वसंताबद्दल एकदा लिहावं. त्यातलं एक प्रकरण मी आजवर कुठे सांगितलेलं नाही, तेही आज सांगते.

मी 1982 साली लग्न होऊन इथे आले. सोलापूरला हिराचंद नेमचंद कॉलेजातून बी.कॉम. केलं होतं, पण ते शिक्षण वापरलं ते घरखर्चाच्या वहीत आणि बागेच्या वहीत. हसू नका, बागेचीही वही आहे माझी. कोणत्या झाडाला किती तांब्ये पाणी, छाटणी कधी, पहिली कळी कधी, सगळं लिहिलेलं असतं. सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला जेमतेम पाच-साडेपाचशे मिलिमीटर. पाण्याचा हिशेब नसेल तर इथे बाग होत नाही.

आधी निवडीचं सांगते. जानेवारीत नर्सरीत पिटुनिया आणि डेलिया फुललेले दिसतात आणि आपण भुलतो. ती थंडीची झाडं. मार्च संपेपर्यंत माना टाकतात. शेवंतीचाही बहर तोवर सरलेला असतो. म्हणून मी चैत्रासाठी पाचच झाडं धरते: मोगरा, गावठी गुलाब, अबोली, पांढरा चाफा आणि बकुळ. शिवाय कुंडीत थोडा दवणा आणि मरवा.

अबोलीला आमच्या सीमेवर कनकांबर म्हणतात. वास नाही, पण गजरा दिवसभर टिकतो आणि अर्ध्या सावलीतही झाड खूश असतं. चाफ्याला पाणी कमीच बरं, जास्त झालं की खोड कुजतं. हिवाळ्यात त्याची पानं गळून नुसते खुंट उरतात. नवीन माळी ते वाळलं समजून उपटायला निघतो, तर सांभाळा! बकुळीला मात्र धीर हवा. आमची फुलायला बरीच वर्षं लागली.

मोगऱ्याचं तंत्र आपल्याकडच्या डाळिंबासारखं. डाळिंबाला आंबे बहारासाठी ताण देतात ना, तसंच. डिसेंबर लागला की मी मोगऱ्याचं पाणी तोडते. पानं मलूल झाली, थोडी गळली की जानेवारीत गुडघ्याएवढी छाटणी. संक्रांत झाली की बुंध्याशी जुनं, पूर्ण वाळलेलं शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चपासून कळ्या. दिवसाचं सहा तास ऊन हवंच, नाहीतर नुसती पानं वाढतात. आपल्या जमिनीत चुनखडी फार, त्यामुळे कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर शिंपडते. तो खनिज क्षार आहे, कीटकनाशक नाही.

आता ते प्रकरण.

2011 सालची गोष्ट. महावीर जयंतीला मंदिरातला पाळणा आमच्या मोगऱ्याने सजवायचा, असं मी चार बायकांसमोर बोलून बसले होते. आणि आठ दिवस आधी बघते तर कळ्यांना भोकं. आत बारीक अळी. मी घाबरले. बाजारातल्या एका दुकानातून शेतीचं औषध आणलं आणि कुणाला न सांगता संध्याकाळी फवारलं. अळी गेली. कळ्या टपोऱ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाखरांसाठी ठेवलेल्या खापराशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाट घेऊन बसलेल्या दिसल्या. हातात कागदाचा तुकडा. त्यावर त्या मधमाश्या उचलून ठेवत होत्या. सात होत्या. मोगऱ्याखाली आणखी काही, ते मी मोजलं नाही.

त्यांनी विचारलं, "काय मारलंस?" मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "फुलं देवाला हवी होती, की बायकांनी बघायला?"

मला उत्तर देता आलं नाही.

आपण शास्त्रसभेत ऐकतो, गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. चूल आहे, केर आहे, पाणी आहे. पण संकल्पी हिंसा, ठरवून केलेली, ती श्रावकाने सोडायचीच. मी अळी मारायची ठरवून औषध आणलं होतं. मधमाश्या मारायच्या नव्हत्या, असं मी मनाशी म्हणून बघितलं. पण वहीत खर्च दोन ठिकाणी लिहिला म्हणून तो निम्मा होत नाही.

त्या वर्षी पाळण्याला अबोली लावली. आत्याबाईंनी पुढच्या चैत्रापर्यंत मोगरा न वाहण्याचा नियम घेतला. चूक माझी, नियम त्यांनी घेतला. मी म्हटलं, "मलाही द्या." त्या म्हणाल्या, "तू नियम नको घेऊ, बाग नीट कर." मार्गशीर्षात त्या गेल्या. चाळीस-पन्नास वर्षं ज्या झाडाची फुलं त्यांनी भगवंताला वाहिली, त्याचं शेवटचं वर्ष त्यांच्या हातून माझ्यामुळे रिकामं गेलं. ते आजही बोचतं.

"बाग नीट कर" म्हणजे काय, ते मी हळूहळू शिकत गेले.

औषध पुन्हा घरात आलं नाही. भोक पडलेली कळी मी अळीच्या नावावर लिहून टाकते. वहीत तसा रकानाच आहे! गेल्या वर्षी शंभरात दहा-बारा कळ्या तिच्या वाट्याला गेल्या. परवडतं. कोरड्या धुळीत मोगऱ्यावर लाल कोळी येतो, पानामागे बारीक जाळी धरते. तो आल्यावर मारण्यापेक्षा येऊच नये म्हणून फाल्गुन लागल्यापासून सकाळी पानांवरची धूळ पाण्याने धुते. कुंडी हलवण्याआधी खाली मुंग्या आहेत का बघते. पालापाचोळा जाळत नाही, बुंध्याशीच पसरते. त्याने ओल टिकते आणि त्यातले जीवही वाचतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी अबोलीला जातं. खापरात आता खडे टाकते, म्हणजे मधमाश्यांना बसून पाणी पिता येतं.

राहिला तोडण्याचा प्रश्न. माझी धाकटी बहीण तेरापंथी घरात दिली आहे. त्यांच्याकडे पुष्प म्हणून केशरी अक्षता वाहतात. ती गमतीने म्हणते, "ताई, आमची बाग तांदळाच्या डब्यात." आमच्याकडे बीसपंथी रीत, फुलं वाहतात. पूर्वी आम्ही यावर वाद घालायचो. आता मला तिचं म्हणणं कळतं आणि आमची रीतही मोडवत नाही. वनस्पतीही एकेंद्रिय जीव, हे दोघींनाही मान्यच आहे. म्हणून मी मोजून तोडते, पूजेपुरतं. तोडण्याआधी फूल हलकेच झटकून आत कुणी बसलं आहे का बघते. डोक्यात माळायला झाडावरचं फूल तोडणं मी सोडलं. बकुळ आपणहून खाली पडते, तिचा गजरा सुना-नातींना पुरतो. सुकला तरी तिचा वास जात नाही.

यंदा मोगरा चांगला धरला आहे. काल सकाळी पाच फुलं तोडली, चार माझ्या नावाची आणि एक आत्याबाईंच्या. दरवर्षी पहिल्या दिवशी तसंच करते. दुसऱ्याच्या नावाने वाहिलेलं त्याच्या खात्यात जमा होत नाही, कर्म ज्याचं त्याचं, हे मला ठाऊक आहे. तरी हात तसा वळतो.

तुमच्याकडे औषधाविना अळी दूर ठेवायची काही रीत असेल तर मला जरूर सांगा. अळीच्या रकान्यात यंदा नवीन पान लागेल असं दिसतंय.

जय जिनेंद्र.