शमुवेल, शौल आणि आमचे भिकाजी

रिलीज झाली एकदाची. म्हणजे ढकलली. आज शनिवार, बाळ झोपलंय, बायको झोपलीये, तेव्हा गेले तीन आठवडे डोक्यात वळवळणारा किडा बाहेर काढून टाकतो.

तर झालं असं. आम्हाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला. मधल्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. दवाखाने, इंजेक्शनं, दोनदा हाती आलेलं गेलं.. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाळ घरी आलं आणि लगेच नावाचा प्रश्न सुरू. बायकोने चक्क एक्सेल शीट बनवली (अर्थ, अक्षरं किती, अमेरिकेतल्या लोकांना उच्चारता येईल का, असे कॉलम!). आणि तिकडून केनवडहून आजीचा फोन.

केनवड म्हणजे आमचं गाव. वाशीम जिल्हा, रिसोड तालुका. पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे नागपूरजवळ ना?" असो. आजी नव्वदीची, फोनवर ओरडूनच बोलते. "नावगिव काही शोधू नका बाप्पा. तुह्या आज्याचंच ठेवा."

आजोबांचं नाव भिका. कागदावर भिकाजी.

त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. चौथ्या वेळी पणजीने पदर पसरून पाच घरी जोंधळे मागितले आणि पोराचं नाव भिका ठेवलं. मागून आणलेलं पोर. आमच्याकडे त्या पिढीत अशी नावं कितीतरी. दगडू, धोंडू, केरू, उकंडा. नाक टोचलं म्हणून नथू. पोर फुकटचं, टाकाऊ आहे असं दाखवलं की दृष्ट लागत नाही, मरण फसतं, असा हिशेब.

बाबा अकोल्याला कॉलेजात गेले तेव्हा पोरं त्यांना 'भिकाऱ्याचा' म्हणून चिडवायची. बाबांनी मधलं नाव नुसतं 'बी.' करून टाकलं. कुणी विचारलंच तर सांगायचे, भास्कर. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा 'भास्करराव यांचे नातू' असं छापलं. आजोबा चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत वाचायचे. पत्रिका वाचली, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली. काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी गेले.

त्या पत्रिकेचं प्रूफ मी तपासलं होतं.

हे सगळं मी ऑफिसात सॅमला सांगत होतो. आमच्या टीममधला सॅम अलिबागकडचा, बेने इस्रायल. म्हणजे मराठी ज्यू. यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून कोकणात आले असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं आपल्यासारखीच, पेणकर, किहिमकर, रोहेकर. आणि पहिली नावं तर बघा! अब्राहमचा आबाजी, डेव्हिडचा दाऊदजी, सॅम्युएलचा सामाजी. मुंबईत मांडवीला 1796 साली त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर मराठीत 'सामाजी हसाजी' होते. सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची.

सॅम म्हणाला, "अरे, तुझा भिकाजी आमच्याकडे पण आहे. माझंच नाव बघ."

मग त्याने गोष्ट सांगितली. एलकानाला दोन बायका. पनिन्नाला मुलं आहेत, हन्नाला नाहीत, आणि पनिन्ना टोचून टोचून बोलते. नवरा बिचारा म्हणतो, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? (हे वाक्य मीही म्हणून बघितलंय. उपयोग होत नाही.) हन्ना शिलोच्या मंदिरात जाऊन रडते, ओठ हलतात पण आवाज नाही. एली पुजाऱ्याला वाटतं बाई प्यालेली आहे. ती नवस बोलते, मुलगा दे, तुलाच वाहीन. मुलगा होतो. ती नाव ठेवते शमुवेल, आणि कारण सांगते की याला मी देवाकडे मागितलं.

इथपर्यंत ठीक. सॅम म्हणाला, "आता यात बग शोध."

रात्री बाळाला मांडीवर घेऊन शोधत बसलो. हिब्रूत 'मागणे'चा धातू आहे शा-अल. 'मागितलेला' म्हणजे शाऊल. आता शाऊल, म्हणजे मराठी बायबलातला शौल, हा तर दुसराच माणूस! इस्रायलचा पहिला राजा, ज्याला पुढे याच शमुवेलाने अभिषेक केला. म्हणजे कमेंट एका व्हेरिएबलची आणि खाली डिक्लेअर केलंय भलतंच. बरं, चुकून एकदा नाही. त्या पहिल्या अध्यायात हा धातू सात वेळा येतो आणि शेवटी तर हन्नाच्या तोंडी सरळ 'शाऊल' हाच शब्द आहे. काही अभ्यासक म्हणतात, ही मुळात शौलाच्या जन्माची गोष्ट, नंतर शमुवेलाला चिकटवली. शुद्ध कॉपी-पेस्ट. सगळ्यांना हे पटत नाही.

मग शमुवेलचा खरा अर्थ काय? 'देवाने ऐकलं' असं बरेच जण सांगतात. पण ऐकणे म्हणजे शामा, त्यात 'आयिन' हे अक्षर लागतं, ते शमुवेलमध्ये नाहीच. ते आहे इश्माएलमध्ये, त्या नावाचा अर्थ खरंच 'देव ऐकतो'. दुसरा पर्याय, शेम म्हणजे नाव आणि एल म्हणजे देव, 'ज्याचं नाव देव' किंवा 'देवाचं नाव'. अक्षरं बसतात, पण हन्ना सांगते त्या कारणाशी काही संबंध नाही. एका जुन्या टीकाकाराने 'शाऊल मे-एल', देवाकडून मागितलेला, याचं आखडून शमुवेल झालं असंही जमवलंय. मला हे ओढूनताणून वाटतं, तरी गंमत बघा. शाऊलची चारही अक्षरं शमुवेलमध्ये आहेत, वर एक 'मेम' जास्त. कानाला तेवढं पुरतं.

मला स्वतःला वाटतं की बग नाहीच. आईने व्युत्पत्ती सांगितलेली नाही, आठवण सांगितलीये. त्या बाईला आयिनचं काय पडलंय? बायबलात नावांची अशी ध्वनीवरून कारणं जागोजागी आहेत. (ही सगळी अक्षरं जुळवताना आठवलं, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आहे त्या जॉन विल्सननी 1832 मध्ये बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं होतं. मला ते हाताशी हवं होतं.)

सोमवारी सॅमला म्हटलं, सामाजीमध्ये तुम्ही 'एल' गाळला आणि 'जी' लावला. देव काढून मान दिला! तो हसला. मग म्हणाला, त्याच्या आजीने त्याच्यासाठी एलियाहू हनाबीला मलिदा बोलला होता. पोहे, नारळ, साखर, फळं. तीसुद्धा नवस हाच शब्द वापरायची.

बारसं केनवडला केलं. सोयाबीन नुकतं निघालं होतं, अंगणात पोती. बायकोचं एक्सेलमधलं नाव ठरलंच होतं, अथर्व, मला आवडतंही. फक्त मी तिला म्हटलं, पत्रिकेत 'भिकाजी यांचे पणतू' छापायचं. बाबांना फोनवर सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "भिकाजीराव लिही."

पाळण्याशी आत्याने कानात कुर्र केलं. मग मी आजीला पुढे आणलं. म्हटलं, तू पण सांग आजी, तुझं नाव.

आणि तेव्हा लक्षात आलं की मी काय मागतोय. आजीने आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. 'तुहा आजा', 'ह्यायनं', 'घरचे'. फोनवरसुद्धा ती 'आज्याचंच' म्हणाली होती, नाव नाही. (सॅमकडे देवाचं असंच. चार अक्षरी नाव उच्चारायचं नाही, नुसतं 'हाशेम' म्हणायचं, म्हणजे 'ते नाव'.) बायका हसायला लागल्या. "घ्या ना आजी, उखाण्यात घ्या!"

आजी पाळण्यावर वाकली. ओठ हलले. आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"तुले काय करा लागते?" म्हणाली, आणि पदराने बाळाचं तोंड पुसलं.