टपावरचा तंबू, एकट्याच्या बळावर

शनिवार उजाडला, की बेंगळुरूची नोकरदार मंडळी अडीचशे किलोमीटरवरच्या कूर्गची वाट धरतात. काहींच्या गाडीच्या टपावर घडीचा तंबूही असतो. पण ५०-६० किलोंचे हे धूड एकट्याने चढवायचे कसे?

उचलायचे नाहीच, सरकवायचे! गाडीच्या मागे जाड चादर घालून मजबूत शिडी टेकवावी. तंबूचे एक टोक तिच्यावर ठेवून दुसरे खालून रेटावे. बरेचसे वजन शिडी पेलते, कंबर वाचते. मग बोल्ट आवळावेत. थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

मात्र चालत्या गाडीच्या टपाला किती भार झेपतो, हे तंबू घेण्याआधीच गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. घाटातल्या वळणावर जास्तीचे ओझे गाडीचा तोल बिघडवते. तिथे हौस नव्हे, हिशेबच कामी येतो.