बिल्टीवरचा एक

पांढुर्ण्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी अकरा वर्षे बिल्ट्या लिहिल्या. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लाकडी बाक, भिंतीवर कॅलेंडर आणि कार्बनने काळी झालेली माझी बोटे. आंबिया बहार निघाला, की दिवाळीच्या आगेमागे दिवसाला दहा-बारा गाड्या भरत. माल कोणाचा, कुठून कुठे, गाडीचा नंबर, भाडे किती, आगाऊ किती दिले, उरलेले कोण देणार, एवढे लिहायचे आणि कागद ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. या कामात काही जोखीम आहे, असे मला कधी वाटले नव्हते.

आमच्या मुलखाची गंमत बाहेरच्यांना चटकन कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली. बाजार मात्र नागपूरलाच राहिला. पलीकडचे वरुड आणि अलीकडचे आम्ही, दोघांची संत्री सारखी, बोलीही सारखी. पण आमच्या गाडीला नागपूर गाठायचे तर मध्ये नाका. घरात मराठी, कचेरीतले कागद हिंदीत आणि गाडीच्या पाटीवरचे आकडे इंग्रजी. तिन्ही आम्हाला येत, आणि तिन्हींची हातात सरमिसळही होत असे.

फुटकळ मालाला वजनावर भाडे पडते. पूर्ण गाडी केली की भाडे गाडीचे ठरते, मग नऊ टन भरा की सात. म्हणून संत्री फाळक्याच्या वरपर्यंत भरायची. खाली तणीस अंथरायची, त्यावर फळ ओतायचे, मध्ये पुन्हा तणीस, वर ताडपत्री. गाडी धावती असली की आत वारा खेळतो. ती उभी राहिली की माल तापतो, तळची फळे दबून पाणी सोडतात, आणि एक फळ गेले की शेजारची दहा जातात. सौंसरजवळच्या बोरगावच्या कारखान्यांचा मालही नाक्यांवर अडकत असे. पण कापडाचे गठ्ठे चार दिवस पडून राहिले तरी पाचव्या दिवशी ते कापडच असते. भाड्याची घासाघीस कारखान्याचा माणूस निवांत करी. संत्रेवाल्याला ती जमत नसे. याला थांबता येत नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक, गाडीमालकाला ठाऊक, आणि खरे सांगायचे तर टेबलामागे बसलेल्या मलाही ठाऊक होते.

१९९४ च्या नोव्हेंबरात आमच्याच बगिच्याची गाडी भरली. एरवी बाबा बगिचा उभाच व्यापाऱ्याला विकत. त्या वर्षी व्यापाऱ्याने फारच कमी भाव सांगितला, आणि आपणच हैदराबादला गाडी लावू, असा हट्ट मी धरला. रोज दुसऱ्यांच्या बिल्ट्या लिहिणाऱ्याला एवढेही कळू नये? धाकट्या बहिणीचे लग्न माघात धरले होते. बाबा "तुला समजते तर कर" म्हणाले. संध्याकाळी गाडी निघाली. बिल्टी अर्थात मीच लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतणाऱ्या एका गाडीच्या क्लिनरने निरोप आणला, की आमची गाडी नाक्यावर उभी आहे. मी आणि बाबा मिळेल त्या ट्रकने गेलो. खिडकीतला बाबू आमच्यासारखाच बोलणारा होता. "नंबर जुळत नाही जी," तो म्हणाला. "कागदावर शेवटी नऊ आहे, गाडीवर एक आहे." मी कागद पाहिला. नंबराचे तीन आकडे मी इंग्रजीत लिहिले होते आणि शेवटचा एक, हाताच्या सवयीने, मराठीत. घाईत लिहिलेला मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांत फरक तो किती! मी समजावून सांगितले. बाबूला ते पटलेही. पण सही साहेबाची हवी होती, आणि साहेब सोमवारी येणार होता. तो दिवस शनिवार होता.

दोन रात्री आम्ही गाडीखाली झोपलो. बाबा मधूनमधून उठत, ताडपत्री वर करत आणि कोपरापर्यंत हात आत घालत. "तापून राह्यलं," एवढेच म्हणत. दुसऱ्या रात्री तेही म्हणाले नाहीत; वासच सांगत होता.

आठ-दहा दिवसांनी अडत्याची पट्टी आली. गाडीभाडे, हमाली, अडत वजा जाता आमच्याच नावे १४० रुपये निघत होते. बाबांनी पट्टी घडी करून टोपीत ठेवली आणि माझ्याकडे बिल्टीची कार्बन कॉपी मागितली. मी ती देईना, तर ते ऑफिसात येऊन बसले. शेवटी दिली. बराच वेळ पाहून म्हणाले, "एक तर बरोबरच काढला आहेस. पाटीवर मीच गिरवून घेतला होता." त्यांनी रागावायला हवे होते, असे मला आजही वाटते. लग्न पुढे ढकलले, वैशाखात बैलजोडी विकून केले.

बहीण सौंसरला दिली. तिचा मुलगा आता तिथे ट्रान्सपोर्टच चालवतो. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. २०२४ च्या जुलैपासून मध्य प्रदेशाने परिवहनाच्या चौक्याही बंद केल्या. २०२३ मध्ये तर पांढुर्णा-सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. कारखान्याच्या मालाला ई-वे बिल लागते, ताज्या फळांना तेही लागत नाही. अडचण आता लांबच्या सीमेवर गेली आहे. बांगलादेश या पट्ट्यातल्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. २०१९ पासून त्यांनी आयातशुल्क वाढवत नेले, तशा पेट्रापोलकडे जाणाऱ्या गाड्या रोडावल्या. तिथे कागदात चूक नसते. आकडा स्वच्छ छापलेला असतो; तोच परवडत नाही.

बहाराच्या दिवसांत मी महिनाभर सौंसरला जाऊन राहतो. भाच्याच्या बिल्ट्या संगणकावर निघतात. गाडी निघण्याआधी मी कागद घेऊन पाटीसमोर उभा राहतो आणि एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहतो. "मामा, ते बरोबरच येते जी," भाचा म्हणतो. ड्रायव्हर गाडी सुरू करून हॉर्न वाजवत असतो. माझे शेवटचे दोन आकडे अजून राहिलेले असतात.