संध्याकाळच्या हरिपाठास

तीर्थरूप हरिपाठास,
साष्टांग दंडवत, विनंती विशेष.

इकडील क्षेम. पाऊस वेळेवर आला, राब भाजलेल्या जागी रोपं तरारली, आवण्या सुरू झाल्या. आषाढी यंदाही चिखलातच गाठणार. घाटावरची माणसं पेरण्या उरकून पंढरीची वाट धरतात. आम्हा शहापूर-मुरबाडच्या भातवाल्यांचे पाय नेमके तेव्हाच खाचरात असतात. म्हणून वाकल्या पाठीने तुला म्हणायची इथे जुनी सवय. (तुला अहो-जाहो करत नाही, राग मानू नकोस. विठोबालाही आम्ही अरे-तुरेच करतो.)

तक्रार देवळातली आहे. तिन्हीसांजेला कर्ण्यातून तुझा सूर येतो आणि आत कुणीच नसतं. दिवा लावायला आलेला माणूस पेनड्राईव्ह जोडतो आणि गुरं बांधायला निघून जातो. तुझे अभंग, कुणी २७ मोजतं, कुणी २८, एका सुरेल गळ्यातून साऱ्या आळ्यांवर पसरतात. लोक म्हणतात, गाव प्रसन्न वाटतं. मला ते सुनं वाटतं. ज्ञानोबा माउलींच्या नावावर तू सातशे वर्षं तोंडोतोंडी चालत आलास, तो लोकांनी तुला म्हटलं म्हणून. नुसतं ऐकून कुणाला पाठ झालास, सांग.

टाळकऱ्यांना बोल लावू तरी कसा? कुणी भिवंडीच्या गोदामात, कुणी कल्याणपलीकडे कामाला. आसनगावला उतरून किन्हवलीकडची शेवटची गाडी धरून घरी येतात, तेव्हा गावाची जेवणं झालेली असतात. त्यांचं त्यांना माहीत असतं. लोकलच्या डब्यात भजन धरणारे चाकरमानी काय हौसेने धरतात होय? घरी वेळ उरत नाही, म्हणून डब्याचंच देऊळ करतात.

शिकलेली पोरं मला समजावतात की भक्ती ज्याची त्याची, मनातल्या मनात करावी, चारचौघांत कशाला? तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जाऊन बसत, याची आठवण देतात. खरं आहे. पण तेच तुकोबा देहूत लोकांपुढे कीर्तनालाही उभे राहत. येशूनेही खोलीचं दार लावून प्रार्थना करायला सांगितलं, आणि लगेच जी प्रार्थना शिकवली ती सगळ्यांच्या वतीने करायची. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेला बैलबाजाराच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तरी खांबलिंगेश्वरापुढे नवस जो तो मनातच बोलतो. गर्दी आणि एकांत यांचं वैर आहे हे मला कधी पटलंच नाही.

सप्ताहातला रात्रीचा पहारा तुला आठवत असेल. कीर्तन संपलं, माणसं पांगली, मंडपात सतरंज्या तेवढ्या उरल्या. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, म्हणून रात्री दोन वाजता कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभा. समोर श्रोता नाही, वाहवा नाही, झोप अनावर. तो एकटाच नाम घेतो, पण घेतो साऱ्या गावाच्या वतीने. पुढचा पहारेकरी येईल या भरवशावर. त्याच्या प्रार्थनेला खासगी म्हणायचं की सार्वजनिक? मला तुझं सारं मोठेपण त्या माणसात दिसतं.

माझी आजी निरक्षर होती. पुरुष टाळ घेऊन आत, ती देवळाच्या भिंतीला टेकून बाहेर. तिथे ऐकता ऐकता, ओठ हलवता हलवता तू तिला पाठ झालास. मग जात्यावर, चुलीपुढे, आजोबा गेल्यावर अंधारात, तू तिचा एकटीचा झालास. विरजण शेजारून आणावं लागतं, दही मात्र आपल्याच घरात लागतं, तसं ते होतं. शेवटच्या आजारात इस्पितळात एका रात्री ती तुला पुटपुटत होती आणि मध्येच चरण विसरली. शेजारच्या खाटेवर डोळखांबकडची एक बाई होती, आमच्या ओळखीची ना पाळखीची. तिने पडल्या पडल्या तो चरण उचलला आणि पुढे नेला. दोघींनी तुला शेवटापर्यंत म्हटलं. दोन गावांतल्या दोन देवळांनी तुला तीच चाल, तेच शब्द दिले नसते, तर त्या रात्री माझ्या आजीला कुणी सोबत केली असती?

म्हणून भीती वाटते. देवळात म्हणणारे सरले, तर पुढच्या पिढीच्या एकटेपणात तिच्या तोंडी काय येणार? फोन हातात असेल, पण फोन सगळ्याच खाटांवर नसतो.

तर आता मागणं. कर्णा बंद होऊ दे. रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहेच, आणि काकड्याला तो पाळला जातो तेव्हाच माणसांचे खरे आवाज कानी येतात. तसंच संध्याकाळीही होऊ दे. पाच जण असले तरी पुरेत. तुझी वेळ रात्री नऊची कर, म्हणजे गाडीने येणाऱ्यांना सापडशील. नामाला काळवेळ नाही हे तूच शिकवलंस ना? बायकांची हरिपाठ मंडळं आता गावोगावी उभी राहिली आहेत, तेव्हा आमच्या देवळातही त्यांना भिंतीच्या आत, टाळांसकट जागा दे. शाळेतल्या पोरांना मधे उभं कर, चुकली तर चुकू देत.

आवण्या उरकल्या की श्रावणात सुरुवात करू म्हणते. चार जणींनी होकार दिला आहे. पखवाजाला माणूस नाही, तेवढा कुठून तरी धाडून दे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी,
मुरबाडकडची एक लेक